लाइव्ह रॉकवर उगवलेलं हे काय आहे? आधी ओळखा, मग हात लावा

निपाणीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी घरी तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी लावली. कोल्हापूरच्या एका शौकिनाने आपली टाकी मोडली, तेव्हा त्याच्याकडून लाइव्ह रॉक (जिवाणू आणि छोटे समुद्री जीव राहत असलेला सच्छिद्र दगड) घेतला. टाकीत सध्या दोन क्लाउनफिश आणि चार-सहा गोगलगायी आहेत. पाणी घरातल्या पिण्याच्या आरओचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 70. आता वाळूवर आणि दगडांवर तपकिरी थर धरलाय, काचेवर बारीक पांढऱ्या चकल्या दिसतायत, दगडाच्या खाचेत काचेसारखी पारदर्शक फुलं आणि हिरवे चकचकीत मणी आलेत. रात्री भेगेतून एक केसाळ गुलाबी किडा बाहेर येतो. सासूबाई म्हणतात ती गोम आहे, घरात नको. ताईंचा प्रश्न असा: सगळा दगड बाहेर काढून उकळत्या पाण्यात घालू आणि घासून परत ठेवू का?

ताई, उकळू नका. बाकी उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, पण ही गोष्ट आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. जुन्या टाकीतून आलेल्या दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ नावाचे बटणांसारखे छोटे जीव असू शकतात. त्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं. हे विष 1971 मध्ये हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतून वेगळं काढण्यात आलं आणि निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांमध्ये ते मोजलं जातं. दगडावर गरम पाणी ओतलं किंवा कोरड्या हवेत ब्रशने खसाखसा घासलं की त्याचे सूक्ष्म कण हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. मग खोकला, ताप, छाती आवळणं, श्वास लागणं सुरू होतं. 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकी साफ करताना असंच झालं. अख्खं कुटुंब रुग्णालयात गेलंच, मदतीला धावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही उपचार घ्यावे लागले. डोळ्यात थेंब उडाला तर बुबुळाला इजा होते. म्हणून दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, बोटाला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालायचाच नाही.

उकळू नये याचं दुसरं कारण टाकीच्या तब्येतीचं आहे. लाइव्ह रॉकसाठी आपण पैसे मोजतो ते त्याच्या छिद्रांत राहणाऱ्या जिवाणूंसाठी. माशांच्या विष्ठेतून आलेल्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करण्याचं काम तेच करतात. दगड उकळलात की ते मरतात, आतले किडे-स्पंजही मरतात आणि हे सगळं टाकीत कुजतं. तेव्हा तुमचे दोन क्लाउनफिश अमोनियाने जातील आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येईल.

आता ओळखण्याकडे येऊ. तुम्ही पाठवलेले फोटो निळ्या लाइटमधले आहेत. निळ्या लाइटमध्ये सगळंच चमकतं आणि खरा रंग कळत नाही. पांढरा लाइट लावा, वेव्हमेकर (टाकीतलं पाणी फिरवणारा पंप) पाच मिनिटं बंद करा, मोबाइल काचेला टेकवून फोटो घ्या आणि मापासाठी काचेवर बाहेरून प्लास्टिकची पट्टी धरा. पण खरं सांगायचं तर फोटोपेक्षा जीव वागतो कसा यावरून ओळख जास्त पक्की होते. एकाच जातीचा जीव एका टाकीत तपकिरी आणि दुसऱ्या टाकीत हिरवट दिसतो, त्यामुळे रंगावर विसंबून राहू नका. लांब प्लास्टिकच्या काडीने हळूच स्पर्श करा: आत जातो का, आणि सावकाश जातो की क्षणात? वरून हाताची सावली पाडा: दचकतो का? काडीने हळूच खरवडा: निघतो, लोंबतो की दगडासारखा घट्ट आहे? लाइट गेल्यावर तासाभराने टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावून बघा: तो आहे तिथेच आहे की नाहीसा झालाय? या चार गोष्टी एका वहीत लिहिल्यात तर दहातल्या आठ पाहुण्यांची ओळख तुमची तुम्हालाच पटेल.

पारदर्शक फुलांपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या यादीत तातडीचं तेवढंच आहे. तुम्ही लिहिलंय की काडी लावल्यावर ते सट्कन खाचेत शिरतं आणि पाच-दहा मिनिटांनी परत बाहेर येतं. देठ लांब, वर चहाच्या रंगाची बारीक टोकदार बोटं, मधोमध तोंड. ही ऐप्टेशिया, समुद्रफुलाचीच एक चिवट जात. प्रवाळांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा हिला मुद्दाम पाळतात, कारण ही कुठेही जगते आणि भराभर वाढते. प्रयोगशाळेला तिचा जो गुण हवा असतो, तोच आपल्या टाकीत आपल्याला नडतो. तिच्या बोटांना डंख असतो. पुढे प्रवाळ ठेवलेत तर शेजारच्याला ती भाजून काढते.

हिला कधीही चिमट्याने ओढू नका, ब्लेडने कापू नका, घासू नका. तळपायाचा इवलासा तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवी ऐप्टेशिया उगवते. एकीच्या दहा होतात त्या अशाच. हिच्यावर चुना उपयोगी पडतो. पानपट्टीवरचा चुना घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते आपल्या हातात नसतं. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिळतं, ते घ्या. थोड्या आरओ पाण्यात इतकं दाट कालवा की सिरिंजमधून निघेल पण पाण्यात पसरणार नाही. हातमोजे घाला, चुना डोळ्याला आणि कातडीला वाईट. सगळे पंप बंद करा. सिरिंजचं टोक अगदी सावकाश तोंडाजवळ न्या, तिला स्पर्श होऊ देऊ नका. तोंडावर एक थेंब सोडा. ती तो खाद्य समजून आत ओढते. मग मिटायला लागली की भोकावर चुन्याचा थर द्या आणि खाच बुजवून टाका. पंधरा मिनिटं पंप बंदच ठेवा. चुन्याने पाण्याचा पीएच वर जातो, म्हणून तुमच्या सुमारे 180 लिटरच्या टाकीत एका दिवसात दोन-तीनच करा, मधे दोन दिवस जाऊ द्या. तुम्ही चार मोजल्यात, म्हणजे आठवड्याभराचं काम. लपलेली एखादी राहते, तेव्हा महिनाभर लक्ष ठेवा.

दुकानदार तुम्हाला पेपरमिंट कोळंबी घ्या म्हणेल. ती ऐप्टेशिया खाते हे खरं आहे, पण त्या नावाखाली पुष्कळदा उंट कोळंबी गळ्यात मारतात. तिच्या लाल अंगावर पांढऱ्या रेषा आणि ठिपके उठून दिसतात, पाठीला कुबड असतं, आणि पुढे प्रवाळ ठेवलेत तर ती तेच खाईल. कॉपरबँड बटरफ्लायफिशही सुचवतील. तो मासा वीतभर वाढतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. तीन फुटी टाकीत त्याला आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चार ऐप्टेशियांसाठी सिरिंज पुरे.

तपकिरी थराबद्दल तुम्ही सर्वांत जास्त घाबरलेल्या दिसता. नव्या टाकीत तपकिरी थर तीन वेगवेगळ्या गोष्टींचा असू शकतो आणि तिघांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून इथे घाई करू नका. पहिली गोष्ट म्हणजे डायटम, सिलिकाच्या कवचाचं एकपेशीय शेवाळ. बोट फिरवलं की पिठासारखं निघतं, पाण्यात उडतं, त्याला तार सुटत नाही. दुसरं सायनोबॅक्टेरिया. ते लालसर, जांभळट, कधी हिरवट-काळं असतं. त्याची साय धरते, कोपरा धरून ओढलं तर अख्खी चादर निघते आणि वास येतो. तिसरे डायनोफ्लॅजेलेट. तपकिरी, शेंबडासारख्या तारा, तारेच्या टोकाला हवेचे बुडबुडे. दिवसभर वाढतात, रात्री लाइट गेल्यावर निम्मे गायब, सकाळी पुन्हा हजर. टाकीतल्या गोगलगायी सुस्त पडून काचेवरून खाली पडायला लागल्या तर डायनोंचा संशय पक्का समजा, त्यांच्या काही जाती विषारी असतात.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी सांगतो. थोडा थर पिपेटने ओढून झाकणाच्या बाटलीत घ्या, जोरात हलवा म्हणजे तारा तुटतील, आणि कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा. खाली आलेलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन लाइटखाली ठेवा. तासाभरात त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा तारा जुळून आल्या तर डायनो. पाणी तसंच राहिलं किंवा तळाशी नुसती धूळ बसली तर डायनो नाहीत.

तुम्ही लिहिलंय की थर बोटाने उडतो, बुडबुडे नाहीत, गोगलगायी ठणठणीत आहेत आणि नायट्रेट 10 आहे. हे डायटम आहे. सहसा टाकी लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं आणि पाण्यातली सिलिका संपली की आपोआप जातं. तुमच्याकडे दोन महिने झाले तरी जात नाही याचं कारण तुमच्याच पत्रात आहे: टीडीएस 70.

पिण्याच्या आरओत चवीसाठी मुद्दाम थोडं कच्चं पाणी मिसळायचा नॉब असतो किंवा खनिजं घालणारं कार्ट्रिज असतं. पिण्यासाठी ते योग्य, टाकीसाठी नाही. त्यात आपला सगळा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. निपाणी काय, चिकोडी काय, बेळगावातलं बोअर काय, या खडकातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका विरघळलेली असतेच. रोज उडणाऱ्या पाण्याच्या जागी तुम्ही हे 70 टीडीएसचं पाणी घालता, म्हणजे डायटमला रोज खुराक देता. उन्हाळ्यात तर जास्तच, कारण मार्च ते मे आपल्याकडची कोरडी हवा टाकीतलं बरंच पाणी खेचून घेते.

म्हणून टाकीसाठी वेगळा आरओ ठेवा, ज्यात मिसळण्याचा नॉब नाही, आणि त्यानंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या बारीक दाण्यांचा) डबा जोडा. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य हवा. सिलिकेची एक खोड लक्षात ठेवा: टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसत नाही, आणि रेझिन संपायला आलं की सर्वांत आधी तीच निसटते. मीटर 1 किंवा 2 दाखवायला लागलं की रेझिन बदला, 10 व्हायची वाट बघू नका. शून्याचं पाणी सुरू केल्यावर काही आठवड्यांत थर पातळ होईल. तोवर पाणी बदलताना वाळूवरचा थर पाइपने ओढून घ्या, एवढंच. शेवाळ मारायचं औषध घालू नका. फॉस्फेट काढायचं मीडियाही आत्ता नको. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेली की जी जागा रिकामी होते तिथे डायनो येऊन बसतात, आणि डायनो घालवणं डायटमच्या कितीतरी पट कठीण आहे.

निपाणीचं आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. घरात कुणाचा तंबाखूचा व्यवसाय असेल, वखारीतून येऊन कुणी थेट टाकीत हात घालत असेल, तर ते थांबवा. निकोटिन हे कीटकनाशक म्हणून वापरलं गेलेलं विष आहे. माशांना, कोळंबीला, गोगलगायींना ते बाधतं. साबणाने हात कोपरापर्यंत धुवून, साबण पूर्ण जाईपर्यंत खळखळून, मगच पाण्यात.

आता सासूबाईंची गोम. ती गोम नाही. ती ब्रिसल वर्म, नात्याने गांडुळाच्या जवळची. गोमेला पाय असतात, हिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके असतात. तुम्ही वर्णन केलेली, बोटाएवढी, करड्या-गुलाबी अंगाची, टॉर्च पडताच भेगेत मागे सरणारी जात माशांना काही करत नाही. ती उरलेलं खाद्य, मेलेली गोगलगाय, कुजलेलं शेवाळ खाते. मेलेल्या जिवाभोवती या किड्यांचा घोळका दिसतो आणि लोकांना वाटतं यांनीच मारलं. बहुतेक वेळा ते नंतर आलेले असतात. त्यांची संख्या एकदम वाढली तर खाद्य जास्त पडतंय असं समजा. हात मात्र लावू नका. केस काचेसारखे ठिसूळ असतात, कातडीत मोडून राहतात आणि भयंकर झोंबतात. लागलेच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा. ज्याची भीती बाळगायची तो खरा फायरवर्म जाड असतो, केसांच्या बुडाशी लालभडक कल्ले असतात, डोक्यावर घडीचा तुरा असतो आणि तो दिवसाढवळ्या प्रवाळावर चढून खातो. तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही. सासूबाईंना एका रात्री लाल टॉर्चने तुमचा किडा सफाई करताना दाखवा, त्यांचा राग जाईल.

काचेवरच्या पांढऱ्या चकल्या म्हणजे स्पायरॉर्बिड. दोन-तीन मिलिमीटरची चुन्याची नळी, आत गाळून खाणारा इवला किडा. निरुपद्रवी. काचेवर नको असतील तर जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. दगडावर राहू द्या.

फक्त एका गोष्टीशी गल्लत करू नका. व्हर्मेटिड नावाची एक गोगलगाय आहे, तीही नळीत राहते. तिची नळी चपटी गुंडाळलेली नसते, वेडीवाकडी वाढून दगडातून वर उभी राहते, टोक ब्लेडसारखं धारदार असतं. खाद्य टाकलं की ती कोळिष्टकासारखी चिकट जाळी सोडते आणि मग ओढून खाते. ती जाळी प्रवाळांना त्रास देते. दिसली तर नळीचं तोंड सुपरग्लू जेलने बुजवा. नुसती नळी मोडून चालत नाही, आत ती जिवंत असते.

हिरवे मणी म्हणजे व्हॅलोनिया, बबल अल्गी. अख्खा मणी एकच पेशी असते, हे मला अजूनही थक्क करतं. एवढी मोठी पेशी उघड्या डोळ्यांनी बघायला मिळणं दुर्मिळ. पण ठेवू नका, पसरतात. शक्य असेल तर तो छोटा दगड टाकीबाहेर, टाकीचंच पाणी भरलेल्या बादलीत घ्या आणि हातमोजे घालून मणी बुडापासून अलगद उचकटा, न फोडता. फुटला तर आत बीजं असू शकतात, म्हणून ते बादलीचं पाणी टाकीत परत जाऊ नये. दर आठवड्याला दोन-चार काढत राहिलात तर आटोक्यात येतात.

तुमच्या तिसऱ्या फोटोत दगडाच्या कडेला रंगाचे शिंतोडे उडाल्यासारखे जांभळट-गुलाबी ठिपके आहेत. त्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही, आणि मला सर्वांत जास्त आनंद त्याचाच झाला. ते कोरलाइन शेवाळ आहे. नखाने खरवडलं तरी निघत नाही, कारण ते चुन्याचं कवच बांधतं. ते वाढतंय म्हणजे टाकी स्थिरावतेय. कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरण्याची ताकद) 8 ते 9 डीकेएच, मॅग्नेशियम 1300 च्या आसपास आणि खारटपणा 35 पीपीटी एवढं टिकवलंत तर वर्षभरात मागची काचही जांभळी होईल. ते धरलेली जागा हिरव्या केसाळ शेवाळाला सहजी मिळत नाही, म्हणून त्याला हात लावू नका.

दगडाखालच्या सावलीत पुढे पांढरे-पिवळे लोंबते गोळे दिसतील, सम्प (टाकीखालची गाळणीची पेटी) असेल तर तिथे टोकाला केसांचा झुबका असलेले छोटे अननसासारखे पिंडही. ते स्पंज. पाणी गाळतात, राहू द्या. हवेत उघडे पडले तर मरतात, तेव्हा दगड हलवताना पाण्याखालीच हलवा. सावली पडताच पंखा मिटणारे नळीतले किडे फेदर डस्टर, तेही ठेवा. रात्री ‘टक्, टक्’ असा काच वाजल्यासारखा आवाज आला तर मात्र दुसऱ्या दिवशी मला फोटो पाठवा, तो टाकीतल्या जिवांची शिकार करणारा मँटिस कोळंबी असू शकतो. केसाळ पायांचा, काळ्या टोकाच्या चिमट्यांचा खेकडा दिसला तर तोही बाहेर काढायचा.

शेवटचं, दगड वाढवण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की पाहुण्यांना सांगून मालवणहून दोन दगड मागवणार आहात. मागवू नका. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित आहे. शिवाय 2001 पासून सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. प्रवाळाचा दगड किनाऱ्यावर पडलेला असला तरी उचलणं गुन्हा ठरू शकतं. आणि तो तिथल्या माशांचं घर आहे. कोरडा किंवा सिमेंटचा बनवलेला रीफ रॉक आणा, आरओ पाण्यात काही आठवडे भिजवा, पाणी बदलत रहा आणि पीएच उतरल्यावर आत ठेवा. तुमच्या जुन्या दगडावरचे जिवाणू आणि कोरलाइन हळूहळू त्यावर चढतील.

आधी ऐप्टेशिया, मग डीआयचा डबा, मग मणी. या क्रमाने करा, आणि चुना सोडण्याआधीचा आणि तीन दिवसांनंतरचा फोटो पांढऱ्या लाइटमध्ये, त्याच कोनातून पाठवा. खाच नीट बुजलीय की नाही ते मी बघून सांगतो.